रशीदच्या गोठ्यातली गव्हाण

नाक मुरडू नका. माझ्या अंगाला कडब्याचा, सरकी पेंडीचा आणि गाईच्या लाळेचा वास येतो, कारण मी गव्हाण आहे. जनावरांना वैरण घालायची साधी लाकडी गव्हाण. सुप्यापासून कोसभर आत एक गाव आहे, तिथे रशीद शेखच्या गोठ्यात डाव्या हाताला मी उभी असते. वर्षाचे तीनशे त्रेसष्ट दिवस मी हेच काम करते. उरलेल्या दोन दिवसांत माझ्यात देव झोपतो.

हे मी फुशारकीने सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी आहेच. पण या नाताळाने माझी ती फुशारकी चांगलीच जिरवली, म्हणून तर बोलायला बसले आहे.

माझा जन्म एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा. रशीदच्या वडिलांच्या बांधावरची एक जुनी बाभूळ वाऱ्याने पडली आणि त्यांनी शलमोन सुतारांना बोलावलं. शलमोन नगरला मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकून आलेले. आता नगरचं अहिल्यानगर झालं, एसटीच्या पाट्या बदलल्या, तरी शलमोन असते तर नगरच म्हणाले असते. त्यांनी बाभळीच्या फळ्या काढल्या, रंधा मारला, चार पाय बसवले आणि साडेतीन फूट लांबीची मी तयार झाले. सगळं झाल्यावर ते माझ्यात तळहात घालून सावकाश फिरवत बसले. कुठे कुसळ लागलं की तिथे परत रंधा.

त्यांची बायको एस्तेर भाकरी घेऊन आली होती. ती हसायला लागली. "अहो, गाईसाठी एवढं?"

"गाय काय सांगायला येनार हाय का, मला टोचतंय म्हनून?" शलमोन म्हणाले आणि परत हात फिरवायला लागले.

माणसाच्या हाताची ती माझी पहिली ओळख. अजून विसरलेले नाही.

त्याच वर्षीच्या नाताळात मी पहिल्यांदा गोठ्याबाहेर पडले. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत छोटं चर्च आहे, पत्र्याचं, पुढे कडुनिंब. तिथे दर नाताळाला गव्हाणीचा देखावा करायचे, पण गव्हाण म्हणून बिस्किटांचा पुठ्ठ्याचा खोका ठेवायचे, वरून गवत पसरून. शलमोनना ते खटकायचं. ते म्हणाले, मी नवी करून देतो. एस्तेर तेव्हा बालवाडीत शिकवायची. तिचं म्हणणं वेगळं. "नवी कशाला? प्रभूसाठी कुनी नवी केली हुती का? त्या दिवशी सकाळी जिच्यात गाय जेवली, ती पायजे." आणि ती तडक रशीदच्या घरी आली.

तेव्हा रशीद शाळेत जात होता. घरात चालायचं ते त्याच्या अम्मीचं, बद्रुन्निसाचं. बद्रुन्निसाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मरियमबीबी तर आमच्यात बी हाय. तिच्या लेकरासाठी न्हाई म्हनू का मी? ने. पर दोन गोष्टी ऐक एस्तेर. एक, भांडं रिकामं जाऊ नये आन् रिकामं येऊ नये. दुसरी, जशी न्हेली तशी परत आन. माझी गाय लई तऱ्हेवाईक हाय."

एस्तेरने शब्द दिला. बद्रुन्निसाने गाईने उरवलेलं काड माझ्यात तसंच राहू दिलं, त्याच काडावर बाहुलं निजवलं गेलं. सव्वीस तारखेला सकाळी मी परत आले ती ओंजळभर हिरवा घास आणि करंज्यांचं ताट घेऊन. घास गाईने खाल्ला, करंज्या घरादाराने. ईदला शीरखुर्म्याचा डबा उलट वाटेने गेला. तेव्हापासून हे असंच चाललं. शलमोन गेले, रशीदचे वडील गेले, बैल विकले, जर्सी गाई आल्या, पण चोवीस तारखेला दुपारी एस्तेर मला न्यायला आली नाही असं एकदाही झालं नाही.

बाहुलं ठेवायच्या आधी ती काय करायची सांगते. चर्चमध्ये सगळे गाण्यांच्या नादात असायचे, पेटी-तबला चालू असायचा, आणि ती माझ्यात हात घालून तळहात फिरवायची. अगदी शलमोनसारखा. कुठे कुसळ नाही ना, हे बघायची. बाहुल्यासाठी! मग जुन्या लुगड्याच्या बाळंत्यात गुंडाळलेलं ते बाहुलं माझ्यात ठेवायची, आणि क्षणभर तिचा श्वास थांबायचा. चाळीस वेळा तेच बाहुलं, तीच गव्हाण, आणि तरी प्रत्येक वेळी श्वास थांबायचा. मला त्याचं फार नवल वाटायचं. ज्या गाईचं तोंड दिवसातून दोनदा माझ्यात असतं, तिलाही माझं एवढं अप्रूप नाही.

पण तो क्षण सोडला तर एस्तेरला नाताळात मी कधी बसलेलं पाहिलं नाही. माणसांची ही एक गंमत आहे. शांतीचा सण म्हणतात आणि महिनाभर आधीपासून पायाला भिंगरी. चुना लावा, पडदे धुवा, शंकरपाळ्या तळा, पोरांची नाटिका बसवा, तारा टांगा. बाळ कसं निवांत झोपलंय हे गात असताना गाणाऱ्या बाईचा डोळा चुलीवरच्या पातेल्याकडे. आणि या सगळ्याच्या मध्ये एस्तेर. कुणी मदतीला आलं की म्हणायची, "राहू दे, तुला जमायचं न्हाई, मी करते." मला न्यायलासुद्धा तिने दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. उचलायला माणसं आणायची, पण पुढे स्वतः.

या वर्षी दोन गोष्टी झाल्या. उन्हाळ्यात बद्रुन्निसा वारली. आणि नोव्हेंबरात एस्तेरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने आराम, डॉक्टरांनी बजावलं. आराम हा शब्द तिने बाहत्तर वर्षांत फक्त दुसऱ्यांना सांगितला होता.

गोठ्यातही दिवस बदलले आहेत. रशीदकडे आता तीन गाई. रशीदचा मुलगा आवेज सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जातो, तो निळ्या प्लॅस्टिकचं पिंप उभं कापून घेऊन आला. दोन गाई त्या अर्ध्या पिंपांत खातात. माझ्यात फक्त चांदणी खाते. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही गाय लहानपणापासून माझ्यापाशी वाढली, म्हणून दुसरीकडे तोंड घालत नाही. आवेज रशीदला सारखं म्हणतो, "अब्बा, हे लाकूड काढू. पिंप धुवायला सोपं." रशीद म्हणतो, "बघू." या 'बघू'वर मी उभी आहे.

तर या वर्षी मला न्यायला सृष्टी आली. एस्तेरची नात, चोवीस वर्षांची, सुप्यालाच एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. आली तीही दोन दिवस आधी, चर्चमधली चार पोरं आणि टेम्पो घेऊन.

रशीद म्हणाला, "आजीला सांग, अम्मी न्हाई म्हनून काय बदललं न्हाई. जशी न्हेतीस तशी आन म्हंजे झालं."

"हो चाचा, अगदी व्यवस्थित आणते," सृष्टी म्हणाली. मोठी माणसं असं म्हणतातच, एवढंच तिला वाटलं. त्या वाक्याला चाळीस वर्षांचं वजन आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चर्चच्या मागे नेऊन तिने माझ्यातलं काड काढलं. शेणाचा डाग लागलेलं, लाळेने चिकटलेलं काड. ते तिने देखाव्यातल्या झोपडीच्या छपरावर पसरलं. मग साबणाच्या पाण्याने मला घासलं. मग डबा उघडला. सोनेरी ऑइलपेंट! एक हात, वाळल्यावर दुसरा हात. आतून, बाहेरून, पायांना सुद्धा. "आजी एवढी वर्षं या मळकट लाकडावर बाळ ठेवायची," ती पोरांना म्हणाली. "या वर्षी बघू दे तिला. रडेल ती बघून."

ती पोर प्रेमाने रंगवत होती, हे मी शपथेवर सांगेन. आणि आता माझं पाप सांगते. मला फार आवडलं. चोवीसच्या संध्याकाळी दिवे लागले आणि मी अशी लखलखले की स्वतःला ओळखेना. लोक मोबाईल घेऊन माझ्याभोवती गोळा झाले. एक्केचाळीस वर्षांत माझा कुणी फोटो काढला नव्हता. रशीदच्या गोठ्याची आठवण त्या संध्याकाळी मला एकदाही झाली नाही.

पंचवीसला सकाळी एस्तेर वॉकर घेऊन आली. पांढरी साडी, गुडघ्याला पट्टा. तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. सृष्टीने बाहुलं तिच्या हातात दिलं. "आजी, बाळ तूच ठेव."

एस्तेर माझ्यासमोर आली. तिने बघितलं. तोंडावर काही दिसलं नाही. मग सवयीने बाहुलं काखेत धरून तिने माझ्यात हात घातला आणि तळहात फिरवायला गेली.

हात चिकटला. डिसेंबरच्या गारठ्यात रंगाचा दुसरा हात आतून वाळलाच नव्हता. तिने हात वर घेतला तर तळहात सोनेरी झालेला. लोकांना वाटलं मुद्दामच केलंय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एस्तेरने बाहुलं विकतच्या पांढऱ्या कापसावर ठेवलं आणि खुर्चीत जाऊन बसली. या वेळी तिचा श्वास थांबला नाही. सगळी उपासना होईपर्यंत ती आपल्या तळहाताकडे बघत होती, आणि माझी सगळी चमक मला नकोशी झाली.

उपासना संपली, "सलाम, सलाम, नाताळच्या शुभेच्छा" झालं. तेवढ्यात दरवर्षीसारखा रशीद फराळाला आला, बरोबर आवेज. मला बघून रशीद जागीच थांबला.

"लई भारी दिसतीय," तो म्हणाला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पाळक होते कल्याण साळवे, तरुण, नुकतेच बदलून आलेले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते उत्साहाने म्हणाले, "रशीदभाई, आता ही चर्चमध्येच राहू द्या ना. आम्ही तुम्हाला नवीन टब घेऊन देतो. हिला स्टोअररूममध्ये जपून ठेवू, दर नाताळाला काढू."

"मी कवापासनं म्हनतोय पिंप ठेवू," आवेज म्हणाला.

स्टोअररूमचं दार उघडं होतं. आत एक मोडका पंखा, तीन पायांचं बाक आणि गेल्या वर्षीचा फाटका तारा. वर्षातले दोन दिवस सोनं आणि बाकीचे दिवस अंधार. लाकडाला घाम फुटत नाही म्हणून बरं.

एस्तेरने रशीदला जवळ बोलावलं. "रशीद, खरं सांग. तुजी अम्मी असती तर काय म्हनली असती?"

रशीद खाली बघत राहिला. "काय म्हनली असती मावशी... म्हनली असती, आता हिच्यात माझी गाय तोंड घालंल का?"

मग एस्तेर रडली. सृष्टीला हवं होतं तसं नव्हे. "चाळीस वर्सं तिचा शब्द पाळला मी. ती डोळ्यानं बघत हुती तवर पाळला, आन् ती गेल्यावर पैल्याच नाताळाला मोडला. आता माफी तरी कुनाकडं मागू?"

सृष्टी तिच्या खुर्चीपाशी खाली बसली. "मला कुणी सांगितलंच नाही आजी. शब्द कसला, ते काड कशाचं... कुणीच नाही सांगितलं."

"व्हय," एस्तेर म्हणाली. पदराने डोळे पुसता पुसता थांबली. "चूक माझीच हाय. एवढी वर्सं समदं मी केलं. कुनाला हात लावू दिला न्हाई. मग तुला कळनार कसं, पोरी?"

पाळक हळूच म्हणाले, "मावशी, पण आता ही दिसतेय छान. राहू दिली तर..."

"कल्याण, गाय जिच्यात खात न्हाई तो खोका. खोका आमच्याकडं पैला बी हुता."

सृष्टी घरी पळाली आणि पत्र्याच्या पेटीतून शलमोनचा रंधा घेऊन आली. एस्तेर वॉकरला धरून उठायला लागली, तसा रशीदने तिच्यासमोर हात आडवा धरला. "मावशी, तुमी बसायचं."

"मला सवय हाय त्या रंध्याची—"

"आजी, तू नुसतं सांग. हात आमचे," सृष्टी म्हणाली.

आणि आश्चर्य म्हणजे एस्तेर बसली.

नाताळची दुपार. मला निंबाखाली आडवं घातलं. सृष्टीने रंधा धरला, आधी वाकडा, मग रशीदने तिचा हात धरून सरळ केला. कोपऱ्यात रंधा पोचेना, तिथे रशीद काचेच्या तुकड्याने खरवडत बसला. आवेज तोंडाने कुरकुरत होता आणि पॉलिशपेपर सगळ्यांत जोरात तोच घासत होता. पाळकांनी पांढऱ्या झग्याची घडी खुर्चीवर ठेवली आणि बाह्या वर केल्या. सोनेरी ढलप्या मातीत पडत होत्या. दुखलं का? दुखलं की. पण खालून बाभळीचा जुना तांबूस रंग वर आला आणि त्याचा वास मला एक्केचाळीस वर्षांनी परत आला.

"हात फिरवून बघ," एस्तेर मधूनच सांगायची. "घाई करू नको. तळहातानं बघ, बोटानं न्हाई."

मग तिचा आवाज येईना. सगळ्यांनी वळून बघितलं. एस्तेर खुर्चीतच झोपली होती. निंबाची सावली तोंडावर, तोंड किंचित उघडं, सोनेरी तळहात मांडीवर उताणा. आत पातेलं कुणीतरी उतरवलं असेल, ताटं कुणीतरी वाढली असतील. तिने बघितलं नाही आणि काही बिघडलंही नाही. तासभर ती झोपली. चाळीस वर्षं जे बाळ ती माझ्यात निजवत आली, त्याने या वर्षी तिला निजवलं, असं मला वाटलं. हे माझं लाकडी डोकं आहे, चुकत असेल तर सोडून द्या.

सव्वीसला सकाळी सृष्टी मला गोठ्यात घेऊन आली. ओंजळभर हिरवा घास माझ्यात, करंज्यांचं ताट तिच्या हातात. चांदणीने चार दिवस धड खाल्लं नव्हतं. तिने मान खाली घातली, हुंगलं आणि फुर्रकन नाकातून वारा सोडून तोंड फिरवलं.

रशीदने परत तिची मान वळवली. परत तेच. तिसऱ्यांदा तर ती मागे सरली.

"आठ दिसांनी हुईल सवय," रशीद म्हणाला, पण सृष्टीकडे न बघता. आवेज कोपऱ्यातल्या तिसऱ्या पिंपाकडे बघत होता, मी नसताना त्याने ते चांदणीसाठी आणलं होतं. आणि मी? नाताळभर ज्यांनी माझे फोटो काढले त्यांतला एकही तिथे नव्हता. माझी किंमत ठरवणारी ती एकटी गाय होती, आणि तिला मी परकी वाटत होते. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते.

सृष्टीने वाकून माझा वास घेतला. मग एकदम म्हणाली, "चाचा, दोन मिनिटं," आणि पळत सुटली. परत आली तेव्हा तिच्या कवेत देखाव्यातल्या झोपडीचं छप्पर होतं. म्हणजे माझं काड. तेच, शेणाचा डाग लागलेलं, चांदणीच्या लाळेने चिकटलेलं. घास बाजूला ठेवून तिने त्या काडाचा बोळा केला आणि मला आतून घासायला लागली. तळ, बाजू, कोपरे. चांगल्या ड्रेसला शेण लागलं, तिकडे लक्ष नाही. मग काड पसरलं, वर घास ठेवला.

आणि घास ठेवायच्या आधी तिने काय केलं माहीत आहे? तळहात आत घातला आणि सावकाश फिरवला. कुठे कुसळ नाही ना. गाईसाठी. गाईसाठीही असं करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शलमोन गेले तेव्हा ती चार वर्षांची होती.

चांदणीने मान खाली घातली. हुंगलं. परत हुंगलं. मग तिची ती खरखरीत, ओली, गरम जीभ माझ्या तळाला लागली.

सृष्टीचा श्वास थांबला. मला तो ओळखीचा होता.

मग ती कुंपणापाशी धावली आणि वस्तीकडे तोंड करून ओरडली, "आजी, खाल्लं! खाल्लं गं!" पलीकडे एस्तेर उंबऱ्यात खुर्ची टाकून बसली होती. तिने नुसता हात वर केला. रशीदने करंजीचा पहिला तुकडा मोडला आणि अम्मी बसायची त्या दगडावर ठेवला. आवेजने ते तिसरं पिंप उचललं आणि पाण्यासाठी बाहेर नेऊन ठेवलं.

आज मी माझ्या जागी आहे. चांदणी माझ्यात खाते आहे, तुम्हाला आवाज येत असेल. खालच्या सांध्यात, जिथे रंधा पोचला नाही आणि काचही नाही, तिथे सोनेरी रंगाची एक रेघ राहिली आहे. चांदणीला ती माहीत नाही. मला माहीत आहे, आणि राहू दे ती. मी काय होऊ पाहत होते, ते मला विसरायला नको.

पुढच्या नाताळाला या. चोवीसला दुपारी सृष्टी मला न्यायला येईल, मागून एस्तेर खुर्चीत बसून सूचना देईल. फोटो काढायचा तर काढा. पण आधी मोबाईल ठेवा आणि माझ्यात हात घाला, तळहाताने बघा. कुसळ लागलं तर सांगा. आत कुणीही निजणार असो, टोचतंय म्हणून ते सांगायला येणार नाही.